उत्तमशेठचं वाटण

शहाड स्टेशनातून बाहेर पडून नदीच्या अंगाला चालू लागलं, की आधी चपलांचं दुकान लागतं, मग शेगडी दुरुस्ती, आणि मग 'संचिता ग्राफिक्स'. शहाडपासून डोंबिवलीपर्यंत आणि तिथून थेट ठाण्यापर्यंत कुणाचं लग्न ठरलं, की भटजी आणि हॉलवाला यांच्याही आधी ज्याला कळतं, तो माणूस इथे बसतो. उत्तम धोंडिबा देसले. पन्नाशी ओलांडलेली, कपाळ मोठं, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यातलं एकही उमटत नाही, आणि त्याचं कुणाला दुःखही नाही. कारण उत्तमशेठ लिहीत नाहीत. जगात लिहिण्यासारखं जे काही होतं ते लिहून झालेलं आहे, आता ते फक्त योग्य जागी बोलवायचं असतं, असं त्यांचं मत आहे.

या मतापर्यंत ते एका दिवसात पोचले नाहीत. मुरबाडकडच्या खेड्यातून आईबरोबर शहाडला आले, आणि शाळा सुटल्यावर कल्याणला आबांच्या छापखान्यात जुळारी म्हणून लागले. जुळारी म्हणजे शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळ जुळवणारा. बोटं काळी, डोळे लाल, आणि डोक्यात सतत उलटी अक्षरं. आबा हे मालक. ते सकाळी सरस्वतीला फूल वाहत आणि दुपारी गिऱ्हाइकाला कागदात मारत. पण एक गोष्ट त्यांनी लाखाची सांगितली होती. "उत्तम, जुळवायला अर्धा दिवस जातो नि मोडायला एक धक्का पुरतो. जुळलेली ओळ मोडायची नाही." म्हणून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ तिथे दोऱ्यानं घट्ट बांधून फळीवर ठेवलेली असायची. लग्नसराई आली की ती फळीवरून उतरायची, चौकटीत बसायची, आणि वरचा अर्धा संसार तयार व्हायचा. खाली फक्त नवरा-नवरी बदलायची.

पुढे शिसं गेलं, आबा गेले, संगणक आला. उत्तमशेठनी स्वतःचं दुकान टाकलं आणि मुलीचं नाव त्याला दिलं. संगणकात ओळ बांधायला दोरा नव्हता. त्यामुळे एका पत्रिकेची नक्कल करून दुसरी, दुसरीची नक्कल करून तिसरी, असा वंश वाढत गेला. फायलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' आणि 'फायनल देवाशप्पथ' अशी. आणि वंश वाढला की रक्तातले दोषही वाढतात. पलीकडच्या चाळीतल्या संदेशच्या लग्नाची पत्रिका निघाली. बौद्ध पद्धतीचं लग्न, वर तथागतांचं चित्र, खाली वंदना, सगळं यथास्थित. आणि मधोमध 'गोरज मुहूर्तावर'. आधीच्या कुण्या पाटलांच्या पत्रिकेतून आलेला.

संदेश पत्रिका घेऊन दुकानात आला. चिडला नव्हता, हसत होता, आणि तेच जास्त लागलं.

"उत्तमशेठ, आमच्याकडं गोरज कुठनं आला ओ? पत्रिकेमागनं गाई पण येणार का?"

त्या दिवशी उत्तमशेठ जेवले नाहीत. म्हणजे दुपारी जेवले नाहीत. रात्री त्यांची बायको कलावती हिनं उसळ केली होती, आणि त्या उसळीतून त्यांना ज्ञान झालं. कलावती रविवारी कांदाखोबरं भाजून वाटण करायची आणि डब्यांतून फ्रीजमध्ये ठेवायची. सोमवारी तेच उसळीत, बुधवारी अंड्यात, पाहुणे आले तर मटणात. वाटण एक, भाज्या अनेक. उत्तमशेठनी घास तसाच हातात धरला आणि म्हणाले, "कला, तू ग्रेट आहेस." लग्नानंतर पहिल्यांदाच असं काही कानावर पडल्यानं तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मग त्यांनी व्हिडिओ पाहून पाहून पानं जुळवायची एक नवीच पद्धत शिकून घेतली. व्हिडिओतला मुलगा दर दोन वाक्यांनी 'दोस्तों' म्हणायचा, आणि उत्तमशेठ एकटेच मान डोलवायचे. या पद्धतीत मजकुराचा एकेक तुकडा वेगळ्या फायलीत ठेवायचा, त्याला एक नाव द्यायचं, आणि पत्रिकेत फक्त ते नाव लिहायचं. कळ दाबली की तुकडा आपल्या पायांनी चालत येऊन जागेवर बसतो. तुकड्यात एक काना बदलला, की तो तुकडा जिथे जिथे बोलावलाय तिथे तिथे काना बदलतो. आबांचा दोरा पुन्हा सापडला होता, आणि आता तो एकाच वेळी शंभर ओळी बांधत होता.

सगळे तुकडे ज्या फोल्डरमध्ये राहत त्याचं नाव त्यांनी 'वाटण' ठेवलं. आत 'देव' होता, 'तथागत' वेगळा होता, 'मायना' होता, 'स्थळवेळ' होती. 'आहेर' होता, ज्यात आहेर आणू नये असं लिहिलेलं असून तो वाचून आजवर कुणी रिकाम्या हातानं आलेलं नाही. 'किलबिल' होतं, ज्यात जन्माला यायचं बाकी असलेली पोरंसुद्धा 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असा हट्ट करत. गिऱ्हाईक यायचं, खुर्चीत बसायचं आणि म्हणायचं, "शेठ, आपल्याला काहीतरी हटके पाहिजे. कुणाकडे नसलेलं." उत्तमशेठ गंभीरपणे मान हलवायचे आणि तेच वाटण दुसऱ्या रंगाच्या कागदावर दाखवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "हां, हे कसं! एकदम वेगळं." आणि समाधानानं चहा पिऊन जायचं. चूक कुणाचीच नव्हती. लग्नं तरी कुठे वेगवेगळी असतात?

मराठी नाव मात्र चलाख असतं, प्रत्यय लागला की अंग चोरतं. रमा म्हटलं की रमेनं, बंडू मात्र नुसता बंडूनं, मग क्रियापद बदलायचं, मग लिंग. तयार वाक्यात नाव बसवताना वाक्य फाटतं. त्यावर उत्तमशेठना एक खुंटी सापडली होती. 'यांचे'. उत्तम यांचे, कलावती यांचे, पंतप्रधान यांचे, बंडू यांचे. नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि 'यांचे'च्या खुंटीला टांगायचं. पुरुष, बाई, जिवंत, मेलेला, सगळे एकाच खुंटीवर. हा शोध सरकारी कचेऱ्यांनी त्यांच्या आधी लावला होता हे त्यांना माहीत होतं, पण सरकारला त्याचा आनंद घेता आला नाही असं ते म्हणत.

"एक गोष्ट एकदाच लिहायची," हे त्यांचं ब्रीद. दुकानात आलेल्या माणसाला पत्रिका मिळो न मिळो, हे वाक्य मिळायचं.

या वाटणात सगळ्यात गुंतागुंतीचा तुकडा 'प्रेषक' हा होता. बोलावणारं कोण, ते त्यात ठरे. प्रत्येक घराची माहिती उत्तमशेठ आधीच भरून घेत. आजोबा, आजी, काका, आत्या, सगळी नावं, म्हणजे नंतर कुणी रुसून यायला नको. मग 'प्रेषक' त्यातून हवी ती नावं उचली आणि 'श्री. व सौ.' अशा जोड्या लावून मांडी. आजोबा हयात नसतील तर त्यांना 'कै.' लावून मानानं वरती नेई, 'कै. अमुक यांची नात'. आणि आजी? तिचं नाव माहितीत भरलेलं असे. पण तिला हाक मारणारी ओळच त्या तुकड्यात नव्हती. जोडी तुटलेली, मग 'श्री. व सौ.' कसं लावणार? थोडक्यात, मेलेला माणूस पत्रिकेत हजर आणि जिवंत बाई माहितीच्या फायलीत, अंधारात. उत्तमशेठनी काही मुद्दाम केलं नव्हतं. ते म्हणत, "आपण फक्त जुळवतो. पद्धत लोकांची."

आणि मग त्यांच्याच मुलीचं, संचिताचं लग्न ठरलं. मुलगा डोंबिवलीचा, सर्वेश नावाचा, कमी बोलणारा. उत्तमशेठनी कळ दाबली, वाटण चालत आलं, पत्रिका तयार. कच्ची प्रत घेऊन ते संध्याकाळी घरी आले आणि ती त्यांनी आईसमोर, हौसाबाईंसमोर ठेवली. हौसाबाई ऐंशीच्या घरातल्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शहाडला भाजी विकून त्यांनी उत्तमला वाढवलं. गुडघे गेले तेव्हा टोपली सुटली, आवाज मात्र बाजारातलाच राहिला. त्या मेथी निवडत होत्या. संचिता त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागली.

"कै. धोंडिबा देसले यांची नात आणि श्री. व सौ. कलावती उत्तम देसले यांची सुकन्या..."

"म्हंजे तुझा आजा येणार हाये लग्नाला?" हौसाबाईंनी विचारलं.

संचिता थांबली. कागद तिनं खालपर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला. "पप्पा, आजी कुठंय?"

"काय आहे बेटा, आजोबांचं नाव वर आलंय ना, त्यात आजी आली."

"आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झालीत, ते पत्रिकेत वेळेवर हजर. आजी तुम्हाला रोज सकाळी चहा देते, ती गैरहजर?"

"अगं, पद्धत असते. शुभकार्य आहे. आणि टाकायचं म्हटलं तरी 'गं. भा.' लावून टाकायचं का? बरं दिसतं का ते?"

कलावती ओट्यापाशी होती. तिथूनच बोलली. "गं. भा. म्हणजे गंगा आणि भागीरथी ना? बाईच्या नावाला दोन दोन नद्या जोडतात, आणि मांडवात तिला पाणी विचारत नाहीत."

"कला, तू मध्ये पडू नकोस. हा टेक्निकल विषय आहे. सिस्टीममध्ये तशी जागाच नाही."

"सिस्टीम कुणी केली पप्पा?" संचितानं विचारलं.

 आपण केलेल्या गोष्टीचा अभिमान कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, हे उत्तमशेठना पटकन ठरवता येईना.

"मला काय बी नको बाई," हौसाबाई म्हणाल्या. "मरायला टेकलेल्या माणसानं कागदावर जाऊन काय करायचंय." दोन काड्या त्यांनी नीट मोडल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "उत्तमा, तुझ्या लग्नाची पत्रिका ध्यानात हाये? तुझ्या चुलत्याच्या नावानं व्हती. जो यील तो त्याच्या पाया पडत व्हता. मी मागं भात शिजवत व्हते. तू माझा की त्याचा, ते पाव्हण्यांना कळायला मार्ग नव्हता. मला आपलं एकदा बघायचं व्हतं. माझ्या नावानं बोलावलं तर कोण येतंय का न्हाय."

इतकं बोलून त्यांनी मेथी उचलली आणि आत गेल्या.  ओट्यापाशी कलावती भांडी नेहमीपेक्षा जोरात ठेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी उत्तमशेठ दुकानात गेले. साधा माणूस असता तर त्यानं मुलीच्या पत्रिकेत एक ओळ घातली असती आणि चहा मागवला असता. पण ज्याचं ब्रीद असतं त्याचं असं भागत नाही. एकट्या पत्रिकेत ओळ घालणं म्हणजे पुन्हा 'फायनल देवाशप्पथ'च्या दिवसांत जाणं. त्यांनी सरळ 'प्रेषक' उघडला आणि त्यात लिहून टाकलं, की आजोबांना 'कै.' असेल आणि माहितीत आजीचं नाव असेल, तर सगळ्यांच्या वर 'श्रीमती' लावून तिचं नाव यावं आणि तिनंच आमंत्रण द्यावं. कळ दाबली. हौसाबाई उगवल्या, सगळ्यांत वर, ठळक. उत्तमशेठना स्वतःचं कौतुक वाटलं. सुधारणा करावी तर अशी, एका ओळीत, कुणाशी न भांडता.

आपली पत्रिका त्यांनी थांबवून ठेवली, कारण पाकिटाचा रंग कलावतीनं अजून ठरवला नव्हता. त्याआधी ठाण्याच्या वर्तकनगरातल्या खानविलकरांची पत्रिका जायची होती. रवींद्र खानविलकर यांच्या मुलाचं लग्न. कच्ची प्रत त्यांनी आठवड्यापूर्वीच वाचून, दोन वेलांट्या सुधारून, सही करून पास केली होती. पास झालेली पत्रिका पुन्हा कोण वाचतो? उत्तमशेठनी कळ दाबून ती उल्हासनगरच्या छपाईच्या मशीनवर पाठवली. छापून झाली, गठ्ठे बांधून घरपोच गेली.

दुपारी फोन आला.

"देसले, काय छापलंय हे?" खानविलकर सोसायटीचे सेक्रेटरी होते. सूचनाफलकाच्या भाषेत ते घरातसुद्धा बोलत.

"का, साहेब? वेलांटी राहिली का?"

"वेलांटी? वर पाहा! 'श्रीमती रमाबाई खानविलकर आपणांस सहर्ष निमंत्रित करीत आहेत'! मी कुठे आहे? मी तिसऱ्या ओळीत आहे, देसले, तिसऱ्या! मुलाचा बाप मी आहे!"

उत्तमशेठच्या डोळ्यांसमोर 'प्रेषक' उभा राहिला. खानविलकरांचे वडील कैलासवासी. आई हयात, माहितीत नाव भरलेलं. सगळ्या अटी पूर्ण. सुधारणा एका ओळीत शहाडहून वर्तकनगरला पोचली होती.

"साहेब, सिस्टीमची थोडी..."

"सगळे गठ्ठे आज परत न्या. नव्या पत्रिका छापून द्या. आणि पुन्हा असं होणार नाही हे लेखी द्या."

आग लागली की माणूस आधी घागर शोधतो, विहीर कुणी खणली ते बघत नाही. उत्तमशेठनी 'प्रेषक' पहिल्यासारखा केला. 'श्रीमती'ची ओळ काढून टाकली, सगळ्या पत्रिका पुन्हा बनवायची कळ दाबली, आणि शिस्तीचा माणूस म्हणून त्या रांगेनं मशीनवाल्याला पाठवून दिल्या. मग शटर ओढून ठाण्याला निघाले. वाटेत मशीनवाल्याचा फोन आला, "शेठ, तुमच्या घरची पत्रिका पण आलीय. वहिनी पाकिटाचं सांगून गेल्या. लावू का?" उत्तमशेठचं अर्धं डोकं खानविलकरांना काय सांगायचं ते जुळवत होतं. ते म्हणाले, "लाव, लाव."

वर्तकनगरात खानविलकरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडं होतं. आत जमिनीवर चादर अंथरलेली, गठ्ठ्यांचे दोरे सुटलेले, आणि पत्रिका कोलमच्या तांदळासारख्या पसरलेल्या. मधोमध पाटावर रमाबाई बसल्या होत्या. पांढऱ्या नऊवारीतली बारीक चणीची म्हातारी, चष्मा नाकावर, पुढ्यात ओल्या कुंकवाची वाटी. त्या एकेक पत्रिका उचलत, तिच्या कोपऱ्याला बोटानं कुंकू लावत आणि बाजूला ठेवत. सून रचना पत्रिका उडू नयेत इतका पंखा हळू ठेवून कुंकू वाळवत होती. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धानंतर सासूनं कुंकवाच्या वाटीत बोट घातलेलं तिनंही पहिल्यांदाच पाहिलं असावं. तिचे डोळे मजेत होते.

"आई!" रवींद्रराव मागून धावत आले. "अगं, काय चालवलंयस? हे गठ्ठे परत द्यायचेत!"

"दे की," रमाबाई म्हणाल्या. "कुंकू तेवढं पुसून दे."

आता यात पेच असा, की कुंकू लागलेली पत्रिका रद्दीत जात नाही. ती देवाची झाली. फाडणं तर सोडाच, तिच्यावर पाय पडला तरी माणूस छातीला हात लावतो. सेक्रेटरीसाहेबांनी सोसायटीत चपला, सायकली, कबुतरं, सगळ्यांवर नियम केले होते, पण या कलमावर त्यांच्याकडे काही नव्हतं.

"किती झाल्या?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"उरल्यात थोड्या. पहिली गणपतीला गेली. खालच्या मजल्यावर मी स्वतः देऊन आले. जोशीण म्हणाली, रमाकाकू, तुम्ही बोलावताय तर येणारच."

मग त्यांनी उत्तमशेठकडे पाहिलं. "तुम्ही छापखानेवाले का?"

"हो, आजी. चूक झाली. म्हणजे माझी नाही, सिस्टीमची."

"असं? मग तुमच्या सिस्टीमला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, माझ्या चार मुलांना जे सुचलं नाही ते तुला सुचलं." आणि रचनाला म्हणाल्या, "यांना चहा टाक गं. उभं नका राहू, पत्रिकेवर पाय पडेल."

उत्तमशेठ चहा घेऊन निघाले. खानविलकर त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले. 'लेखी' हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना फक्त हळूच विचारलं, "देसले, तिसऱ्या ओळीचा टाइप जरा मोठा करता आला असता का हो?"

परतीच्या वाटेवर उत्तमशेठ खुशीत होते. चूक जिरली होती, शिवाय ती समाजसुधारणा ठरली होती. ही गोष्ट दुकानात कशी सांगायची, तिच्यात 'सिस्टीम'च्या जागी 'मी' कुठे घालायचा, ते त्यांनी रिक्षातच जुळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पत्रिकांचा गठ्ठा घरी आला. कलावतीनं दोरा सोडला. पाकीट छान होतं, कागद छान होता. तिनं पत्रिका उघडली, वाचली, मिटली, आणि नवऱ्यापुढे धरली.

"अहो, सासूबाईंना मशीननं खाल्लं का?"

'कै. धोंडिबा देसले यांची नात.' वर कुणी नाही. आग विझवताना घागर घरच्या चुलीवरही ओतली गेली होती. वर्तकनगरच्या परक्या म्हातारीचं नाव चुकून छापलं गेलं, आणि ती चूक सुधारताना आपल्या आईचं पुसलं गेलं.

"अगं, त्याचं काय झालं, मास्टर फाइल मी..."

"मला मास्टरबिस्टर सांगू नका. त्यांना सांगा."

हौसाबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी हात पुढे केला, पत्रिका घेतली, कागद बोटांनी चाचपला. "कागद ग्वाड हाये," म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे रं. छापलं ते छापलं. मागच्या बारीला बी मी आलेच व्हते की लग्नाला."

त्या रागावल्या असत्या तर उत्तमशेठकडे उत्तर होतं. रडल्या असत्या तरी होतं. या बोलण्याला वाटणात काहीच नव्हतं. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलून तिचा कोपरा पाहिला. मग म्हणाले, "अजून कुंकू लागलेलं नाही ना, कला?"

"नाही."

"मग हा नुसता कागद आहे." त्यांनी गठ्ठा उचलून पलंगाखाली सरकवला आणि आईशेजारी जमिनीवर बसले. "आई, बोल. काय लिहू?"

"म्हंजे? मला इचारतोस?"

"मग कुणाला?"

हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू फोटो काढायचा होता. उत्तमशेठ मदतीला धावले. "आपणांस आग्रहाचे निमंत्रण, असं सुरू करू?"

"आपण कोण? मी कुणाला आपण म्हणते का? गप. लिही." आणि बाजारात भाव सांगावा तशा त्या सरळ बोलत गेल्या. "मी हौसा. धोंडिबाची बायको. माझ्या नातीचं, संचिताचं लगीन हाये. मी दारात उभी ऱ्हाणार हाये. पोटभर जेवा. भांडी आणू नका, घरात जागा न्हाय."

उत्तमशेठनी खिशातलं पेन काढलं. उमटेना. दुसरंही उमटेना. संचितानं मोबाइलवर लिहून घेतलं. दुकानात नेऊन त्यांनी ते जुळवलं, तेव्हा हाताला सवय म्हणून 'हाये'चं 'आहे' केलं. वाचून पाहिलं. आई त्यातून उठून गेल्यासारखी वाटली. पुन्हा 'हाये' केलं. 'यांचे'ची खुंटी ठोकायला त्या मजकुरात कुठे जागाच नव्हती. ही एक पत्रिका कोणताही तुकडा न बोलावता छापली गेली. ब्रीद मोडलं, पण ते दुकानातल्या कुणाला कळलं नाही.

लग्न शहाडच्याच एका हॉलमध्ये झालं. हौसाबाई म्हटल्याप्रमाणे दारात उभ्या राहिल्या. कुणी खुर्ची दिली तर तिच्यावर पर्स ठेवली. मुरबाडकडची माणसं आली, बाजारातल्या जुन्या भाजीवाल्या आल्या. प्रत्येकाला त्या एकच विचारत, "कुणाच्या बोलावण्यानं आलास?" लोक म्हणत, "तुझ्याच की." टोपलीशेजारी टोपली लावून बसलेली त्यांची मैत्रीण रंभा काठी टेकत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हौसे, तू बोलावलंस म्हणून आले. तुझ्या ल्योकाच्या पत्रिकेवर मी आजवर लसूण निवडला." हौसाबाई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, त्यांना पत्ताच नव्हता. त्या दारातच होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "लगीन काय, फोटूत दिसंल. माणसं फोटूत येत न्हाईत."

महिनाभरात ही पत्रिका मोबाइलवरून मोबाइलवर फिरली. आणि मग व्हायचं तेच झालं. डोंबिवलीची स्वप्ना नावाची मुलगी दुकानात आली, भावाचं लग्न घेऊन.

"काका, आम्हाला ती आजीवाली पत्रिका पाहिजे. सेम टू सेम. 'मी दारात उभी राहणार' वगैरे. फक्त नाव बदला ना. आमच्या आजीचं टाका, रखमाबाई."

उत्तमशेठचे डोळे चमकले. जुळलेली ओळ. मागणी आहे, माल आहे. त्यांनी मनातल्या मनात नवा तुकडा करून त्याला 'आजी' असं नावही देऊन टाकलं. पण तुकडा आईचा होता, म्हणून विचारायला घरी गेले.

हौसाबाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे माझं बोलणं तू तिच्या तोंडात घालणार?"

"तसं नाही, वाटणात ठेवीन. लागेल तसं थोडं थोडं..."

"तिची म्हातारी मुकी हाये का?"

"नाही, म्हणजे मला काय माहीत..."

"मग जा. तिला इचार. ती काय म्हणती ते छाप."

तेव्हापासून उत्तमशेठचा धंदा मंदावलेला आहे. 'देव', 'आहेर' आणि 'किलबिल' अजून कळ दाबली की चालत येतात, पण 'प्रेषक' येत नाही. त्याच्यासाठी घरोघर जावं लागतं. नवं पेन घ्यावं लागलं. रखमाबाईंकडे डोंबिवलीला ते पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांना वाटलं, एका चहात होईल. रखमाबाईंनी सुरुवात माहेरच्या विहिरीपासून केली. विहिरीवरून त्या नणंदेवर आल्या, नणंदेवरून गिरणीच्या संपावर, आणि संपावरून नातवाच्या दातांवर. गोष्टीत नातवाचं लग्न अजून बरंच लांब होतं. स्वप्ना दारात उभी राहून दर थोड्या वेळानं, "आजी, एकच लाईन पाहिजे गं," असं म्हणत होती, आणि आजी तिला, "तू गप. यांना कळतंय," असं सांगत होती.

शेवटी उत्तमशेठनी मान खाली घालून जे जे जमलं ते एका ओळीत आणलं आणि वाचून दाखवलं. रखमाबाईंनी डोळे मिटून ते ऐकलं.

"हं," त्या म्हणाल्या. "बरं झालंय. आता हे खोडा. आता नीट सांगते."